वेडाच्या वेषातील मेंदूदाह

आपल्या बोलीत वेडासाठी शब्दांची वाण नाही. भ्रमिष्ट, खुळा, चळलेला, फिरलेला, झपाटलेला, बाधलेला असे कितीतरी शब्द आपण सहज वापरतो. पण या सगळ्या शब्दांत ‘आजारी’ हा साधा अर्थ क्वचितच असतो. मनुष्य तापाने फणफणला तर घरच्यांना डॉक्टर आठवतो. तोच असंबद्ध बोलू लागला तर आठवतो देव, दैव, नाही तर भाऊबंदकीतला वैरी. जणू काय मेंदू हा शरीराचा भागच नव्हे आणि इतर अवयवांप्रमाणे त्याला कधी सूज येत नाही!

ही समजूत किती महागात पडते हे दाखविणारा एक विकार गेल्या वीस वर्षांत वैद्यकाला नीट उमगला आहे. देहाच्या रक्षणासाठी निसर्गाने जी प्रतिकारशक्ती दिली आहे, तीच कधी कधी चुकून मेंदूवर उलटते आणि मेंदूचा दाह होतो. यास स्वयंप्रतिकारी मेंदूदाह म्हणतात. जंतूंमुळे होणारा मेंदूज्वर आपणांस ऐकून ठाऊक आहे. येथे मात्र मेंदूवर हल्ला जंतू करीत नाही. घरचा पहारेकरीच घरावर चालून येतो. या विकाराच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, तो आपल्या खऱ्या रूपात सहसा येत नाही. वेडाचे, फेफऱ्याचे, म्हातारपणाच्या विसराळूपणाचे सोंग घेऊन येतो. दुसरी ही की, वेळीच ओळखला तर बहुसंख्य रोगी सुधारतात. ज्या रोगाला औषध आहे, तो ओळखता न आल्यामुळे माणूस हातचा जावा, यासारखे दुःख नाही.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांतील मंडळींपुढे हा विषय मांडावयास विशेष कारण आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगडचे नाव मिळाले, रस्ते झाले, एस. टी. गावोगाव पोहोचली, हे खरे. तरीही मेंदूचा तज्ज्ञ गाठावयाचा तर पुण्याचाच रस्ता धरावा लागतो. भोरहून तो पन्नास किलोमीटरांच्या आसपास. हिरडस मावळातल्या किंवा तोरण्यापलीकडच्या एखाद्या वाडीतून त्याहून बराच अधिक. शिवाय अंतर केवळ किलोमीटरांत मोजून चालत नाही. वाडीपासून तज्ज्ञापर्यंतच्या वाटेवर देवऋषी असतो, नवस असतो, लोकलज्जा असते, आणि मुलगी लग्नाची असेल तर ‘बाहेर कळता कामा नये’ ही धास्तीही असते. या थांब्यांवर जे आठवडे खर्ची पडतात, तेच या विकारात मोलाचे असतात.

पोटातली चौदा इंजेक्शने

प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते ही कल्पना नवी वाटेल. पण तिचा एक पुरावा आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. पिसाळलेले कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, हे पन्नाशी ओलांडलेल्या कोणासही सांगावयास नको. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये हिमालयातील कसौली येथे तयार केली. रेबीजचे विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवावयाचे, तो मेंदू वाटून कार्बोलिक आम्लाने विषाणू मारावयाचे, आणि ते द्रावण रोज पोटाच्या कातडीखाली टोचावयाचे, अशी तिची रीत होती. तिने असंख्य प्राण वाचविले, याविषयी दुमत नाही.

परंतु थोड्या लोकांच्या बाबतीत विपरीत घडे. इंजेक्शनांचा क्रम चालू असताना किंवा संपता संपता त्यांना ताप येई, डोके दुखे, पाय लुळे पडत, लघवी अडे, काही जण बरळू लागत. हा रेबीजच उलटला की आणखी काही, हे ठरविणे कठीण होई. यामागील रहस्याचा धागा १९३३ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस रिव्हर्स यांच्या हाती लागला. त्यांनी सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क माकडांना पुनःपुन्हा टोचला. अर्कात कोणताही विषाणू नव्हता. तरी काही माकडांचे पाय लुळे पडले आणि त्यांच्या मेंदूत दाह आढळला. उलगडा असा की, एका प्राण्याच्या मेंदूतील काही प्रथिने दुसऱ्याच्या मेंदूतील प्रथिनांशी फार मिळतीजुळती असतात. परक्या मेंदूच्या अर्काविरुद्ध शरीर शस्त्रे परजते, आणि तीच शस्त्रे मग स्वतःच्या मेंदूवर चालतात.

ही मेंढीच्या मेंदूची लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची रेबीजची लस प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून करतात. तिच्यात मेंदूचा अंश नसतो. ती दंडात किंवा कातडीत थोड्याच वेळा घ्यावी लागते आणि ती निर्धोक आहे. तेव्हा वरील हकीकत वाचून कोणी कुत्रे चावल्यावर लस टाळील, तर तो आत्मघात होईल. रेबीज एकदा अंगात उमटला की मरण जवळजवळ अटळ असते.

शेजारी आलेली साथ

दुसरा पुरावा तर अगदी अलीकडचा आणि अगदी उशाशी आहे. वेल्ह्याहून पाबे घाटाने पुण्यास जाताना लागणाऱ्या खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात जानेवारी २०२५ मध्ये हातापायांतले बळ एकाएकी जाण्याची साथ आली. गियाँ-बारे हे त्या रोगाचे फ्रेंच नाव त्या दिवसांत घरोघर झाले. पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रोगी नोंदले गेले. तपासात अनेकांच्या शौचात कँपिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू मिळाला आणि दूषित पाण्याकडे बोट गेले.

हा जंतू पोटात जुलाब करतो. मग पाय का लुळे पडतात? जंतूच्या अंगावर जे शर्करायुक्त रेणू असतात, ते आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूला मारण्यासाठी प्रतिपिंडे, म्हणजे नेमके निशाण साधणारी प्रथिने, तयार करते. जंतू मरतो; पण साम्यामुळे फसलेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवर जाऊन बसतात. चोर समजून घरधन्यालाच मार बसावा, तसे हे होते. गियाँ-बारेत हा मार हातापायांच्या नसांना बसतो, म्हणून बळ जाते. मन शाबूत राहते. हाच मार मेंदूला बसला की मन, स्मृती, झोप, वाचा यांपैकी काहीही बिघडू शकते. नुकत्याच पाहिलेल्या या साथीमुळे आमच्या विषयाचे अर्धे विवेचन लोकांच्या अनुभवातूनच झाले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

झपाटलेली मुलगी

आता मुख्य विकाराकडे वळू. २००७ मध्ये जोसेप दाल्माव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. सर्व स्त्रियांची मने एकाएकी बिघडली होती, पुढे झटके आले होते, शुद्ध हरपली होती; आणि बहुतेकींच्या बीजाशयात एक प्रकारची गाठ होती. ही गाठ मोठी विचित्र असते. तिच्यात केस, दात, त्वचा, आणि कधी मेंदूसारखी ऊतीही सापडते. त्या ऊतीविरुद्ध उठलेली प्रतिपिंडे रोगिणीच्या मेंदूत जाऊन पेशींवरील एनएमडीए नावाच्या ग्राहीवर हल्ला करतात. ग्राही म्हणजे पेशीच्या भिंतीतील दार. निरोप आत घेण्याची जागा. हे दार बंद झाले की काय होते, हे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारे डॉक्टर जाणतात. कारण केटामीन हे भुलीचे औषध याच दारावर काम करते, आणि भूल उतरताना काही रोगी भलतेच देखावे पाहतात व बरळतात.

समजा, एखाद्या वाडीतील अठरा वर्षांची धडधाकट मुलगी आहे. चार दिवस डोके दुखते, कणकण येते. आठवड्याभरात तिची झोप उडते. ती घरच्यांवर संशय घेऊ लागते, कोणी हाक मारते असे म्हणते, एकदा हसते, एकदा ओरडते. पुढे बोलणे तुटक होत जाते, आणि एके दिवशी ती मुकीच होते. तोंड चावल्यासारखे, ओठ चोखल्यासारखे चाळे अखंड चालतात. हात ठेवावा तसा तासन् तास राहतो. मध्येच झटका येतो. घाम फुटतो, नाडी धावते, मग मंदावते. गावाने याचे निदान काय करावे? ‘बाहेरची बाधा’ हेच! खरे पाहता बाधेची म्हणून जी जी लक्षणे परंपरेने सांगितली जातात, त्यांतील कितीतरी या एका विकारात एकत्र येतात. जुन्या काळी झपाटलेल्या म्हणून मार खाल्लेल्या स्त्रियांत या विकाराच्या रोगिणी किती असतील, हा विचार मनाला चटका लावतो.

शहाणी शहरेही येथे फसली आहेत. न्यूयॉर्कची सुझाना कॅहॅलन ही चोवीस वर्षांची पत्रकार २००९ मध्ये अशीच आजारी पडली. तिच्या लक्षणांचे खापर एका डॉक्टरने मद्यपानावर फोडले होते. शेवटी सुहेल नज्जार या मज्जातज्ज्ञाने तिला कागदावर घड्याळ काढावयास सांगितले. तिने बाराही आकडे घड्याळाच्या एकाच बाजूस कोंबले. मेंदूचा एक भाग सुजला आहे, हे त्या साध्या चित्रावरून उघड झाले. उपचारांनी ती बरी झाली आणि तिने ‘ब्रेन ऑन फायर’ हे पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. आणि हा विकार माणसालाच होतो असेही नाही. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील क्नूट हे लाडके पांढरे अस्वल २०११ मध्ये सर्वांदेखत झटका येऊन पाण्यात पडले व मेले. चार वर्षांनी तपासात त्याच्याही मेंदूत हीच प्रतिपिंडे असल्याचे दिसून आले. त्या अस्वलावर कोणी करणी केली होती, असे म्हणण्यास बहुधा कट्टर देवऋषीही धजणार नाही!

अन्य सोंगे

मुलगी तरुण आहे म्हणूनच हा विकार, असे मात्र नाही. मुले आणि पुरुषही यात सापडतात. शिवाय प्रतिपिंडांचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचे सोंग निराळे.

साठीतील एखादे आजोबा घ्या. बोलता बोलता त्यांच्या तोंडाची एक बाजू आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो आणि लगेच मोकळा होतो. असे दिवसातून कित्येकदा घडते. घरचे म्हणतात वात आहे. महिन्या-दोन महिन्यांत आजोबा आज जेवलो की नाही हे विसरतात. मग म्हणतात वय झाले. रक्त तपासले तर सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, कमी आढळतो. हा एलजीआय-१ या प्रथिनाविरुद्धचा मेंदूदाह असू शकतो. फिटच्या गोळ्यांना तो सहसा दाद देत नाही; स्टेरॉइडला चांगली दाद देतो. आखडण्याची ही खूण बहुधा विसराळूपणाच्या आधी येते. म्हणजे रोग आधी दार ठोठावतो. आपण उठत नाही, इतकेच.

एखाद्यास झोप अजिबात येत नाही, दरदरून घाम येतो आणि पोटऱ्यांचे स्नायू अळ्या वळवळाव्यात तसे फडफडत राहतात. एखाद्याचा विकार जुलाब आणि वजन घटणे येथून सुरू होतो. महिनोन् महिने पोटाची औषधे चालतात आणि मन मागाहून बिघडते. एखाद्याच्या बाबतीत झोपेतली विचित्र हालचाल आणि घशातून येणारा कर्कश आवाज हीच मुख्य तक्रार असते. लहान मुलांत गोवर, कांजिण्या यांसारख्या तापातून उठल्यावर आठ-पंधरा दिवसांनी गुंगी, चालताना झोक जाणे, एक बाजू लुळी पडणे असा दाह दिसतो. थायरॉइडच्या विकाराशी जोडलेला, स्टेरॉइडने सुधारणारा असाही एक मेंदूविकार आहे. त्याचे पहिले वर्णन १९६६ मध्ये ज्या इंग्रज डॉक्टरांनी केले, त्यांचे नाव योगायोगाने लॉर्ड ब्रेन, म्हणजे साक्षात मेंदू, असे होते.

ओळखावे कसे?

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. हा लेख वाचून प्रत्येक मनोरुग्णाला मेंदूदाह झाला असे कोणी समजू नये. मानसिक आजारांच्या रोग्यांत या विकाराचे रोगी अगदी थोडे असतात. मानसिक आजार हाही आजारच आहे. त्यालाही औषधे आहेत आणि ती मनाने बंद करणे धोक्याचे आहे. प्रश्न एवढाच की, थोड्यांना बाकीच्यांतून वेगळे कसे काढावे?

पहिली खूण वेगाची. मनाचे विकार पुष्कळदा हळूहळू, महिन्यांनी-वर्षांनी बळावतात. हा दाह दिवसांत, आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत माणूस पालटून टाकतो. दुसरी खूण सोबतीची. मनाच्या बिघाडाबरोबर फिट, ताप, डोकेदुखी, तोंडाचे वा हातापायांचे चाळे, वाचा जाणे, नाडीची व रक्तदाबाची अस्थिरता, अकारण कमी झालेले सोडियम यांपैकी काही असेल, तर केवळ मनाचा विकार म्हणून थांबू नये. तिसरी खूण औषधाची. मनोविकाराची औषधे दिल्यावर रोगी सुधारण्याऐवजी लाकडासारखा ताठ झाला, ताप चढला, तर ते ताबडतोब डॉक्टरांच्या कानावर घालावे. चौथी खूण पूर्वेतिहासाची. ज्याला कधी काही नव्हते, घरात कोणाला नव्हते, असा मनुष्य एकाएकी बदलला, तर अधिक सावध राहावे.

तपासणीत मेंदूचा विद्युत आलेख, एमआरआय आणि पाठीच्या कण्यातील पाणी या तिन्ही गोष्टी येतात. एमआरआय निर्मळ निघाला म्हणून निश्चिंत होता येत नाही; एनएमडीएच्या प्रकारात तो बहुतेकदा निर्मळच असतो, तर विद्युत आलेख बहुतेकदा बिघडलेला असतो. पाठीतले पाणी काढल्याने माणूस पांगळा होतो, ही भीती निराधार आहे. उलट प्रतिपिंडे रक्तापेक्षा या पाण्यात अधिक खात्रीने सापडतात. त्याच पाण्यावरून क्षयाचा मेंदूज्वर, हर्पीस विषाणू, जपानी मेंदूज्वर यांचाही शोध घ्यावा लागतो; आपल्या देशात तो आधी घेतलाच पाहिजे. गंमत अशी की, हर्पीसचा मेंदूज्वर बरा झाल्यावर काही आठवड्यांनी कोणा कोणा रोग्यात पुन्हा बिघाड होतो, आणि तो विषाणूचा नसून याच प्रतिपिंडांचा असतो. स्त्री रोगी असल्यास पोटाची सोनोग्राफी करून बीजाशय पाहतात.

उपचार आणि आशा

उपचाराचे तत्त्व सरळ आहे. गाठ असेल तर ती काढावयाची. उठलेली प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने शांत करावयाची. निरोगी दात्यांच्या रक्तातून मिळविलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून द्यावयाचे, किंवा रक्तद्रव बदलून घातक प्रतिपिंडे काढून टाकावयाची. गियाँ-बारेच्या साथीत ज्या दोन उपचारांची नावे वर्तमानपत्रांत रोज येत होती, तेच हे शेवटचे दोन. तेवढ्याने भागले नाही तर रिटुक्सिमॅबसारखी अधिक प्रभावी औषधे आहेत. प्रतिपिंडांचा अहवाल यावयास दिवस लागतात. जंतुजन्य रोगांचा विचार करून झाल्यावर तज्ज्ञ अनेकदा अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात.

यश किती? २०१३ मध्ये ५७७ रोग्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या उपचारांनंतर चार आठवड्यांत निम्म्याहून थोडे अधिक रोगी सुधारू लागले होते. दोन वर्षांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा झाला, त्यांतील सुमारे ८१ टक्के चांगल्या स्थितीत होते. उपचार लवकर सुरू झालेल्यांचे निकाल अधिक चांगले होते. अंथरुणाला खिळून मुकी झालेली मुलगी पुन्हा कॉलेजात जाऊ शकते, ही अतिशयोक्ती नव्हे. याचे कारण असे की, या प्रकारात पेशी सहसा मरत नाहीत. प्रतिपिंडांमुळे दारे केवळ आत ओढली जातात. प्रतिपिंडे हटली की दारे हळूहळू पुन्हा जागेवर बसतात. ‘हळूहळू’ हा शब्द मात्र घरच्यांनी पक्का धरावा. सुधारणेला महिने लागतात, आणि काही थोड्यांत विकार पुन्हा उद्भवतो.

खर्चाची चिंता खरी आहे. इम्युनोग्लोब्युलिन महाग असते. म्हणून आधीच उपजिल्हा वा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन ससूनसारखे सरकारी रुग्णालय गाठावे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते हे तेथील आरोग्यमित्रास विचारावे. फिट थांबत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

देवऋषीविषयी दोन शब्द. नवस करू नका, देवीला जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. श्रद्धेने घराला धीर येतो, आणि या आजारात धीर लागतो. पण मिरचीची धुरी, साखळदंड, चाबूक हे उपचार नव्हेत, गुन्हे आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा कुत्रे, साप, विंचू चावलेल्यास औषधोपचारापासून अडविणे, ही कृत्ये त्या कायद्याने दंडनीय ठरविली आहेत. देवीला नारळ फोडावयाचा तर रुग्णालयाच्या वाटेवर फोडावा. वाट मात्र बदलू नये.

आणि शेवटी मागणे एवढेच. आपल्या आळीत, भावकीत एखादी लेक-सून एकाएकी बदलली, तर ‘वेडी झाली’ म्हणून तिला माहेरी धाडण्याची घाई करू नका. ताप होता का, झोप किती दिवस नाही, झटका आला का, बोलणे कधी थांबले, हे चार प्रश्न विचारा, उत्तरे तारखांसह कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हाती द्या. मोबाइलवर तिच्या हालचालींचे चित्रण केलेत तर आणखी उत्तम. झटका डॉक्टरांसमोर येईलच असे नाही. निदान करणे हे तज्ज्ञाचे काम. पण त्याच्यापर्यंत रोगी वेळेवर पोहोचविणे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे काम आहे.